परदेशी सेवेत असताना प्रार्थनेला शब्दच फुटत नाहीत, तेव्हा

प्रश्न असा आहे. सहा महिन्यांच्या मिशन सेवेसाठी परदेशात गेलेल्या एका तरुण भावाला तिथे तिसरा महिना चालू आहे. गेल्या महिन्याभरात त्याला दोनदा ताप येऊन गेला. टीम लीडरशी बोलणं जवळजवळ बंद आहे. तिथली भाषा येत नाही, आणि ज्या कामासाठी तो गेला ते काम परवानगीवाचून अडून पडलंय. रात्री झोप लागत नाही, लागलीच तर भयंकर स्वप्नं पडतात. घरच्या मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, मात्र तो दर महिन्याला "प्रभू अद्भुत रीतीने चालवत आहे" असं पत्र पाठवतो. तो विचारतो, "ताई, प्रार्थनेला बसलो की एक शब्द फुटत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? अशा वेळी विश्वासावर टेकायचं म्हणजे नेमकं काय करायचं? की सरळ परत यावं?"

भावा, जय ख्रिस्त. मी नर्स आहे. बारा वर्षं परदेशात टीमबरोबर सेवा केली. त्यानंतर आजपर्यंत, जायला निघालेल्यांची तयारी करून घेते आणि परत आलेल्यांचं ऐकून घेते. तुझ्या वयाची कितीतरी मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत, म्हणून तुला 'तू' म्हणते.

आधी रक्त तपासून घे. आजच. प्रार्थनेचं त्यानंतर बोलू.

हे वाचून तुला वाटेल, मी विश्वासाचं विचारलं आणि ताई तापाचं सांगतायत. पण मी मुद्दामच हा क्रम धरलाय, आणि तो माझ्या मनचा नाही. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला १९ वा अध्याय काढ. संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" असं म्हणतो. त्याच्या पाचारणाचा, म्हणजे देवाने सेवेला बोलावल्याचा, प्रश्न आहे, जिवाचा प्रश्न आहे, सगळं आयुष्य फुकट गेलं असं त्याला वाटतंय. देव त्याला आधी झोपू देतो. मग देवदूत उठवतो आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो, कारण "वाट तुला झेपणार नाही". एलीयाशी बोलणं पुढे चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर झालं. आम्ही तयारीच्या शिबिरात हा अध्याय घेतो तेव्हा सगळे होरेबावर ऐकू आलेल्या त्या मंद वाणीवर बोलायला उत्सुक असतात. मी त्यांना त्या सुरईपाशी थांबवते.

तर तापाचं. तू जिथे आहेस तिथे मलेरिया असेल, तर कुठलाही ताप हा तपासणी होईपर्यंत मलेरियाच समजायचा. 'गोळी घेतली, उतरला' म्हणून सोडून द्यायचं नाही. मलेरियाचा ताप मधे उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि त्यातला फाल्सिपेरम हा प्रकार एका दिवसातसुद्धा जिवावर बेतू शकतो. मलेरिया होऊ नये म्हणून तू गोळ्या घेत असशील, तर त्या गोळीचं नाव बघ. ती मेफ्लोक्विन असेल, तर झोप न लागणं, भयानक स्वप्नं पडणं, विनाकारण धास्ती वाटणं, मन खचणं हे सगळं त्या गोळीनेही होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये याबद्दल सगळ्यांत कडक स्वरूपाचा इशारा त्या औषधावर छापायला लावला. गोळी मनाने बंद करू नकोस, कारण मग मलेरियाला दार उघडं राहतं. डॉक्टरांना सांग, त्यांच्याकडे दुसरे पर्याय असतात.

हे एवढं लिहिण्याचं कारण आहे. एका मुलीला अशी स्वप्नं पडायची तेव्हा तिच्या टीमने तीन आठवडे उपास करून तिच्यासाठी सैतानाविरुद्ध प्रार्थना केली. कुणी तिच्या गोळ्यांचं पाकीट उलटून पाहिलं नाही. ती घरी आली तेव्हा आपल्या जिवात काहीतरी दुष्ट शिरलंय अशी तिची खात्री झाली होती. गोळी बदलल्यावर स्वप्नं थांबली. मनावरचं ते ओझं उतरायला मात्र दोन वर्षं गेली. आत्मिक लढाई असते, हे मी मानते. पण देहाच्या दुखण्यावर तिचं नाव घातलं की दुखणेकऱ्यावर दुप्पट भार पडतो.

जुलाब झाले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. घोट घोट पीत राहायचं. हे टीममधल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे.

आता तुझा मूळ प्रश्न. विश्वास कमी पडतोय का?

भावा, तुझ्या विश्वासाचं माप मी घेऊ शकत नाही, आणि तूही घेऊ नकोस. तापात, अपुऱ्या झोपेत, परक्या भाषेच्या गलबल्यात बसून माणूस आपल्या आत डोकावतो तेव्हा त्याला नेहमी रिकामंच दिसतं. पण तुझा प्रश्न वाचताना मला एक गोष्ट खुपली. तुला दोन भाषा झाल्या आहेत. पत्रात एक, उशीशी दुसरी. पत्रातल्या भाषेत तू मंडळीशी बोलतोस आणि त्याच भाषेत देवाशी बोलायला बसतोस. तिथे शब्द फुटणारच नाहीत, कारण ते तुझे शब्द नाहीत. मी हे स्वतः केलंय, म्हणून ओळखते.

माझ्या सेवेचं दुसरं वर्ष होतं. आम्ही गावात राहायचो आणि जवळचं मोठं इस्पितळ गाडीने दिवसभराच्या वाटेवर होतं. टीममध्ये मी एकटी नर्स. सगळे दुखणी घेऊन माझ्याकडे यायचे. मला ताप आला तेव्हा मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. नर्सच पडली तर बाकीच्यांचा धीर सुटेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, अंगात कणकण असताना, मी मंडळीला पत्र लिहिलं. त्यात दोन बाप्तिस्म्यांची बातमी होती, स्तुती होती, 'सर्व कुशल' होतं. पत्र घडी घालून उशाशी ठेवलं. प्रार्थना मी त्याआधी कित्येक आठवडे केली नव्हती. म्हणजे सगळ्यांसमोर करत होते. एकटी असताना गुडघे टेकायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे.

त्या रात्री थंडी वाजून दात वाजायला लागले. पत्र्यावर पाऊस इतका आदळत होता की स्वतःचं कण्हणंही ऐकू येत नव्हतं. आम्ही जिच्या घरात राहायचो ती म्हातारी विधवा होती, विश्वासणारी. तिच्या भाषेतले मला वीसेक शब्द येत असतील, माझ्या भाषेतला तिला एकही नाही. माझ्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळताना बघून ती आत आली. हाताची उलटी बाजू माझ्या मानेला लावली, काही न बोलता बाहेर गेली, आणि पाण्याचं भांडं आणि जुन्या कापडाची पट्टी घेऊन आली. पट्टीला धुराचा वास होता. ती भिजवायची, पिळायची, कपाळावर ठेवायची, गरम झाली की उचलायची. तिचं बोट एका ठिकाणी चिरलेलं होतं, ती चीर मला दर वेळी कपाळावर जाणवायची. पाऊस थोडा कमी झाला तेव्हा कळलं की ती गुणगुणतेय. तिसऱ्या ओळीला मला चाल ओळखू आली. माझ्या घरच्या मंडळीत म्हणतात तेच गीत होतं, शब्द तिचे. मग ती बराच वेळ बोलत राहिली, डोळे मिटून, माझा हात धरून. एक शब्द कळला नाही. शेवटी ती "आमेन" म्हणाली आणि थांबली. आम्हा दोघींकडे असलेला तो एकच शब्द. मीही "आमेन" म्हटलं. कित्येक आठवड्यांत मी खरी प्रार्थना केली ती एवढीच.

सकाळी तिनेच आमच्या लीडरचं दार वाजवून त्यांना उठवलं. रक्तात मलेरिया निघाला.

मार्काच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, चार माणसं एका पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडतात. येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला असं तिथे लिहिलंय. खाटेवरच्या माणसाच्या मनात त्या घटकेला काय होतं, ते लिहिलेलंच नाही. त्या रात्रीनंतर मला तो 'त्यांचा' शब्द ओलांडून पुढे जाता येत नाही. विश्वासावर टेकणं म्हणजे काय, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे जे उत्तर आहे ते याच्या आसपास आहे. आपल्या अंगात जोर उरला नसेल तेव्हा दुसऱ्याने धरलेल्या खाटेवर पडून राहायचं. पण त्यासाठी आपण पडलोय हे चार माणसांना माहीत असावं लागतं. तुझ्या मंडळीला ते माहीतच नाही.

म्हणून पहिलं काम पत्राचं. पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र आज रात्री शेवटच्या अध्यायापासून वाच. तुरुंगात बसलेला प्रेषित लिहितो की देमास मला सोडून गेला. तांब्याच्या कारागिराने मला पुष्कळ त्रास दिला. माझ्या पहिल्या जबानीच्या वेळी कुणीही माझ्या बाजूने उभं राहिलं नाही. त्रोवसात राहिलेला माझा झगा येताना आण. हिवाळ्याच्या आधी ये. थंडी वाजते म्हणून झगा मागणाऱ्या माणसाचं पत्र आपण पवित्र शास्त्र म्हणून वाचतो. त्याच अध्यायात एक लहानसं वाक्य आहे, त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या हाताने आजारी बरे झाले त्या पौलाला सोबतीला आजारी ठेवून पुढे जावं लागलं, आणि त्याने ते लपवलं नाही, त्यावर काही स्पष्टीकरणही दिलं नाही. तुझ्या तापात तुझ्या अविश्वासाचं चिन्ह शोधणारा कुणी भेटला, तर त्याला त्रफिम दाखव.

तू असं काहीतरी लिही: "मला दोनदा ताप आला, तपासणी चालू आहे. काम परवानगीसाठी थांबलंय. लीडरशी माझं पटत नाहीये, त्यात माझीही चूक असेल. प्रार्थना करता येत नाही, तुम्ही माझ्या वतीने करा." पाच ओळी पुरेत. सगळ्या मंडळीला पाठवायचं धाडस होत नसेल तर पाळकसाहेबांना आणि आणखी दोघा-तिघांना पाठव. लीडरच्या तक्रारी आणि तिथल्या लोकांबद्दलचा राग खुल्या पत्रात घालू नकोस, ते एका विश्वासू माणसापाशी बोल. आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांची नावं, फोटो, घरांचे पत्ते कुठल्याही पत्रात नकोत. तू सहा महिने संपले की विमानात बसशील, त्यांना तिथेच राहायचंय. कितीतरी ठिकाणी एका फोटोची किंमत त्यांनी नंतर वर्षानुवर्षं मोजली आहे.

मी बरी झाल्यावर ते उशाशी ठेवलेलं पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. भीती वाटत होती की मंडळी म्हणेल, हिला पाठवून चूक झाली. आमच्या मंडळीतल्या एका वयस्कर काकांचं उत्तर आलं, "आता आम्हाला देवाकडे काय मागायचं ते कळलं." दोन वर्षं ती माणसं माझ्यासाठी अंदाजाने प्रार्थना करत होती.

आता एकांतातल्या प्रार्थनेचं. शब्द नसतील तर उसने घे. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. सकाळी एक, रात्री एक, मोठ्याने, मराठीतून वाच. मोठ्याने म्हणजे ओठ हलतील, आवाज कानाला ऐकू येईल असं. दिवसभर परक्या भाषेत शब्द शोधून थकलेल्या माणसाला मायबोलीतलं स्तोत्र नुसतं कानावर पडलं तरी छाती मोकळी होते, हे मी माझ्यात आणि पुष्कळांत पाहिलंय. वाचून झाल्यावर मनात काही आलं तर बोल, नाही आलं तर उठ. त्याहून जास्त काही स्वतःवर लादू नकोस.

आणि फक्त स्तुतीची स्तोत्रं निवडू नकोस. १३ वं वाच, ४२ वं वाच. ८८ वं तर वाचच. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, जवळजवळ हे एकच अंधारात संपतं. ते स्तोत्र रचणाऱ्याने देवाला दोष दिला, रात्रंदिवस ओरडला, आणि शेवट गोड न करता थांबला. तरी ते देवाच्या लोकांनी जपून ठेवलं, उपासनेत म्हटलं. देवापाशी तक्रार करणारा माणूस देवाकडे तोंड करूनच बसलेला असतो. वधस्तंभावर प्रभू येशूच्या ओठी आलं ते २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, "तू माझा त्याग का केलास?" आपल्या प्रभूने जे वाक्य देवासमोर उच्चारलं ते उच्चारायला तू का कचरतोस?

तिसरा महिना, हेही ध्यानात घे. परक्या मुलखात गेलेल्या माणसाच्या मनाला बसणाऱ्या या धक्क्याबद्दल मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये एका भाषणात सविस्तर सांगितलं होतं. सुरुवातीची नवलाई ओसरते आणि मग यजमान देशातल्या सगळ्याचीच चीड यायला लागते. पाणी, आवाज, गर्दी, उशीर, लोकांचं हसणं, सगळं खटकतं. ते स्वतः मिशनरी म्हणून बोलत नव्हते, पण मी ऐकलेल्या कहाण्यांत तिसरा-चौथा महिना फार वेळा येतो. प्रेम करायला आलो आणि मला या माणसांचा वीट आलाय, या विचाराने सेवक आतून हादरतो, आपलं पाचारण खोटं होतं असं त्याला वाटतं. तू त्या जागी पोचला असशील. रोज एका माणसाबरोबर अर्धा तास बस, काही साधायचं नाही, त्याच्याकडून पाच शब्द शिकायचे. भाषा येईल न येईल, पण 'ती माणसं' जाऊन एक माणूस समोर येतो.

लीडरबद्दल थोडंच लिहिते, कारण मी एकच बाजू ऐकली आहे. परदेशी सेवेत माणसं घरी परततात ती बहुतेक वेळा आजारामुळे किंवा छळामुळे नाही, आपसातल्या बेबनावामुळे, असा माझा अनुभव आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात पौल आणि त्याचा सोबती बर्णबा, मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की एकमेकांना सोडून गेले. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकाने ते झाकलं नाही. पुढे म्हातारा पौल तुरुंगातून लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधे बरीच वर्षं गेली. तुमचं सहा महिन्यांत मिटेलच असं नाही. लीडरला एकट्याला गाठून, जेवणाआधी नको आणि रात्री नको, एकच घडलेली गोष्ट सांग आणि त्या दिवशी तुला काय वाटलं ते सांग. 'तुम्ही नेहमीच' असं वाक्य तोंडात आलं की गिळ.

पण एक गोष्ट वेगळी काढते. लीडर पैशांत घोळ करत असेल, कुणाच्या अंगचटीला जात असेल, तुझा पासपोर्ट काढून ठेवला असेल, आजारी असताना डॉक्टरकडे जाऊ देत नसेल, आणि वर "अधीन राहा, हा तुझा वधस्तंभ आहे" असं म्हणत असेल, तर तो वधस्तंभ नाही. ताबडतोब ज्यांनी तुला पाठवलं त्यांना कळव, त्यांनी दाद दिली नाही तर तुझ्या देशाच्या दूतावासाला. शास्त्राचं वचन पुढे करून अन्याय झाकणाऱ्यासमोर गप्प बसायला प्रभूने कुणालाच सांगितलेलं नाही.

काम अडलंय त्याचं दुःख मोठं असतं, मला माहीत आहे. लोकांनी पैसे जमवून पाठवलं आणि आपण नुसते बसून आहोत, ही टोचणी. अमेरिकन मिशनरी ॲडोनिरम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोचले आणि त्यांच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला १८१९ मध्ये. सहा वर्षं. ही गोष्ट मंडळ्यांतून पुष्कळदा सांगितली जाते. त्यापुढचं कमी सांगितलं जातं. १८२४ मध्ये युद्ध पेटल्यावर त्यांना बेड्या घालून कैदेत टाकलं, सुमारे दीड वर्ष. सुटून आल्यावर १८२६ मध्ये पत्नी ॲन गेली, पुढच्याच वर्षी तान्ही मुलगी गेली. त्यानंतर ते माणसांतून उठून रानात एका झोपडीत जाऊन राहिले, स्वतःसाठी कबर खणली आणि तिच्या काठाशी बसायचे. देव आहे हे मानतो पण तो सापडत नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. ब्रह्मी भाषेतलं संपूर्ण बायबल ज्यांनी १८३४ मध्ये पुरं केलं ते हेच जडसन. मधल्या त्या कबरीच्या काठच्या दिवसांत कुणी त्यांना 'तुमचा विश्वास संपला' म्हटलं असतं तर काय उत्तर दिलं असतं त्यांनी? मला वाटतं, काहीच देता आलं नसतं.

आणि इंग्लंडचे मिशनरी विल्यम कॅरी यांच्याबरोबर १७९३ मध्ये बंगालला आलेली त्यांची पत्नी डोरोथी. तिला यायचंच नव्हतं, शेवटच्या क्षणी ती तयार झाली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला आणि तिचं मन कोसळलं ते १८०७ मध्ये मरेपर्यंत सावरलं नाही. कॅरींच्या चिकाटीबद्दल आपण देवाचे आभार मानतो, ते योग्यच आहे. पण मी सेवेला निघालेल्या प्रत्येक जोडप्याला डोरोथीची गोष्ट सांगते. चिकाटीच्या कथा ऐकून जो तरुण स्वतःचं किंवा बरोबरच्या माणसाचं मोडणं बघायचं नाकारतो, त्याची मला फार काळजी वाटते.

म्हणून परत यायचं का, याला माझं उत्तर सरळ आहे. उपचार तिथे नीट मिळत नसतील तर ये. जिवाचं बरंवाईट करावं असे विचार मनात येत असतील तर आज, याच तासाला कुणाला तरी सांग, एकटा राहू नकोस, आणि ये. वर सांगितलेला अन्याय होत असेल तर ये. तिथल्या विश्वासणाऱ्यांनीच सांगितलं की तुझ्या असण्याने आम्हाला धोका आहे, तर त्याच आठवड्यात नीघ. यातलं काही नसेल, तर निर्णय ताप उतरून चार रात्री नीट झोप होईपर्यंत बाजूला ठेव. अंगात ताप असताना आणि रात्री दहानंतर सेवेबद्दलचे निर्णय घ्यायचे नाहीत, हा नियम मी माझ्या टीमना पाठ करायला लावायचे.

आलास तर मान खाली घालून येऊ नकोस. मंडळीत कुणी विचारलं, लवकर कसा आलास, तर "आजारी होतो" एवढं सांग. घरी आल्यावर काही महिन्यांनीसुद्धा ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांग की मी अमुक देशात होतो. मलेरिया उशिराही डोकं वर काढतो आणि विचारल्याशिवाय त्यांच्या ध्यानात येईलच असं नाही.

रिपोर्ट आला की कळव. आणि त्या घरात, त्या गावात, जो कुणी विश्वासणारा म्हातारा किंवा म्हातारी असेल, त्यांच्याकडे आज संध्याकाळी जाऊन बस. काही सांगता आलं नाही तर नुसता कपाळाला हात लाव, त्यांना कळेल. ते प्रार्थना करतील. एक शब्द समजणार नाही. ते थांबले की आमेन म्हण.